फिरती काच

वांग्याच्या एका फोटोवरून मी कंपनीच्या साहेबांशी कडाकडा भांडले होते आणि ते भांडण हरले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं आमच्या विहिरीवर जे बिघडलं ते शेवटी त्या वांग्यानंच सुधारलं.

मी जालन्यात राहते. एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपन्या आहेत, त्यांच्यासाठी पिकांचे फोटो काढते. कृषी सेवा केंद्रात दोरीला टांगलेल्या पाकिटावर लालभडक मिरची पाहिली असेल तुम्ही, त्यातली एखादी माझी असू शकते. पाकिटावर वाणाचं नाव असतं, माझं नसतं. त्याचं मला काही वाटत नाही. मिरची दिसायला माझ्यापेक्षा केव्हाही बरी.

या कामात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ऊन. लोकांना वाटतं, ऊन पडलं की फोटो चांगला येतो. छे! कपाशीच्या पानावर दुपारचं ऊन पडलं की पान हिरवं दिसतच नाही, पांढरं पडतं. तेल लावून ठेवल्यासारखं. आभाळ फिकट, मिरची फिकट, सगळं धुतल्या लुगड्यासारखं विटकं. म्हणून मी एक काच घेतली. लेन्सच्या तोंडावर बसते, गॉगलच्या काचेसारखी काळपट असते, आणि तिचं कडं गोल फिरतं. पोलरायझर म्हणतात तिला, दुकानदार नुसतं सीपीएल म्हणतात. मी फिरती काच म्हणते. कडं फिरवत जा, एका जागेवर पानावरची चकाकी अशी उतरते की आत दडलेला हिरवा रंग वर येतो. आभाळ निळंशार होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेतात एकटीच "अगं माय!" म्हणून ओरडले होते, बांधावरचा बैल दचकला.

ती हे कसं करते, ते मला एवढंच कळलंय. पानावरून, पाण्यावरून, काचेवरून तिरपं उडून येणारं ऊन बरंचसं आडवं होऊन येतं. आणि या काचेत जणू खिडकीचे उभे गज असतात. उभ्या गजांतून उभी काठी पलीकडं जाते, आडवी धरली की अडते. बस, एवढंच. धातूच्या चकाकीवर मात्र हिचं काही चालत नाही. घरच्या स्टीलच्या हंड्यावर मी करून पाहिलं, काच गरगरा फिरवली, हंडा आपला हसतोच आहे.

आता वांगं. नवी काच हाती आली आणि मी सुटलेच. नव्याचे नऊ दिवस. दिसेल त्याची चमक काढायची. वांग्याच्या वाणाचे फोटो होते, मी काच अशी फिरवली की वांग्यावर एक ठिपका उजेडाचा ठेवला नाही. रंग काय आला म्हणता! जांभळा, गर्द, जसा असतो तसाच. मी खूश होऊन फोटो दाखवायला गेले. साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, हे वांगं तोडून किती दिवस झाले?"

"आज सकाळी तोडलंय."

"शिळं वाटतंय हो."

माझा राग नाकावरच असतो. मी म्हटलं, रंग खरा आहे, चकाकी खोटी आहे, चकाकी म्हणजे वांगं नव्हे, ते वांग्यावर पडलेलं आभाळ आहे. साहेब शांतपणे म्हणाले, "असेल. पण शेतकऱ्याला वांग्यावर आभाळ दिसलं नाही तर तो पाकीट खाली ठेवतो." मी फणकाऱ्यानं निघून आले. संध्याकाळी भाजी घ्यायला गेले तर माझ्या पुढची बाई एकेक वांगं उचलून उजेडाकडं वळवून बघत होती. जे चमकेल ते पिशवीत, जे मंद ते परत ढिगावर. मी पण तेच करत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं फोटो पुन्हा काढले. काच अर्ध्यावर ठेवली, थोडी चमक काढली, थोडी राहू दिली. साहेब म्हणाले, "हां, हे आज सकाळचं." मी आतल्या आत जळून खाक.

तर असं ते वांगं. आता विहिरीकडं येते.

आमचं गाव आष्टीच्या पुढं आहे. तिथं माझी माय आणि माझा थोरला भाऊ राहतात, शेती दादाच बघतो. बाप जाऊन बरीच वर्षं झाली. शेत थोडकंच, पण शेतात विहीर आहे, आणि ती विहीर माझ्या मायबापानं स्वतःच्या हातानं खोदलेली आहे. बाप सुरुंगानं सुटलेले दगड फोडायचा, माय टोपलीनं माती वर आणायची. दादा तेव्हा लहान होता, मी त्याहून लहान, लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत.

माय तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगते, फार सांगत नाही, कधीतरी सांगते. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी पायरी उतरायची नाही. घागर घेऊन वर थांबायचं. कोणाला दया आली तर वरून ओतेल, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. ती एवढंच सांगते आणि उठून कामाला लागते. म्हणून आपली विहीर झाली तेव्हा तिनं बापाजवळ एकच हट्ट धरला. विहिरीला पायऱ्या पाहिजेत, पार पाण्यापर्यंत. बाप म्हणाला, मोटार बसवायची, पायऱ्या कशाला? ती म्हणाली, "मला उतरायचंय." झालं, पायऱ्या झाल्या.

शेवटची पायरी रुंद, सिमेंटची केली. त्या साली गावात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग विहारात भरायचा आणि माय तिथं जायची. पाटीवर आपलं नाव गिरवायला शिकली होती, बाकी काही अजून येत नव्हतं. सिमेंट ओलं होतं. बाप म्हणाला, "लिव्ह कायतरी, तू शिकून राह्यली ना." त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं. मायनं खिळा घेतला आणि जे येत होतं ते लिहिलं, आपलं नाव. नवऱ्याचं लिहिता येत नव्हतं, तर काय करणार? बाप पुढं जन्मभर चिडवायचा, "खोदली म्या, अन् नाव हिचं." आणि चारचौघांत अभिमानानं सांगायचा पण तोच.

मग विहिरीला पाणी लागलं आणि नाव पाण्याखाली गेलं.

आमच्या घरात त्या नावाचं एक मापच झालं. दुसऱ्याच्या घरी विचारतात, विहिरीला पाणी किती? आमच्याकडं विचारायचे, "नावावर किती हाय?" बाप सांगायचा, "नावावर पुरुषभर हाय." म्हणजे नाव लिहिलेल्या पायरीवर एक माणूस बुडेल एवढं पाणी. उन्हाळा आला की आम्ही भावंडं काठावर पालथं पडून आत डोकावायचो. नाव दिसलं का? न्हाई? मंग बरंय. नाव न दिसणं ही आमच्या घरची सुखाची गोष्ट होती.

मोठ्या दुष्काळात एकदा ते दिसलं. विहीर आटत आटत पायरी उघडी पडली, वर वाळलेला चिखल, आणि त्यात मायचं नाव. शाळेतून आलेली मी धावत मायकडं गेले, "माय, तुहं नाव दिसून राह्यलं, चल बघायला!" माय टँकरच्या रांगेत उभी होती. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती विहिरीकडं गेली नाही. "जळो ते नाव," एवढंच म्हणाली.

म्हणजे बघा, ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा दगडासारख्या टिकाऊ जागेवर आपलं नाव लिहिलं, तिला ते चांगल्या दिवसात कधी बघायलाच मिळालं नाही. पाणी असलं की नाव नाही. नाव असलं की पाणी नाही.

या माघात दादाचा फोन आला. विहिरीच्या वरच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, कडेचे दगड सुटत होते. वैशाखात पाणी उपसून आतून सगळं नवीन सिमेंटचं बांधकाम करायचं ठरलं होतं. जुन्या पायऱ्या फोडायच्या, भिंतीत नवीन घालायच्या. हे सगळं बराबर होतं, पण माय ऐकत नव्हती.

"काय म्हणते?"

"म्हणते, पायरी फोडायच्या आधी मला माहं नाव बघायचंय."

"मग वैशाखात पाणी उपसल्यावर दिसेलच की."

"तेच म्या म्हणलं. तर म्हणते, आटलेल्या विहिरीत न्हाई बघायचं. पाण्यासगट बघायचंय. आता हिला काय सांगावं? म्या म्हणलं, माय, पाणी का काच हाय का?" दादा वैतागला होता. "तू ये बाई. तुहंच ऐकते ती, ऐकलं तर."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. पाण्याखालचं दिसत नाही ते पाण्यामुळं नव्हे. माघात विहिरीचं पाणी नितळ असतं. दिसत नाही ते पाण्यावरच्या चकाकीमुळं. आणि चकाकी काढायची काच माझ्या पिशवीत होती. मला इतका आनंद झाला की मी तसाच दादाला परत फोन लावला आणि म्हटलं, "मायला सांग, पाणी बी राहील अन् नाव बी दिसंल. माझा शब्द." दादा म्हणाला, "मोठी आली जादूगारीण."

रविवारी जालन्याहून परतूर, परतूरहून आष्टी, आष्टीहून दादाच्या मोटरसायकलवर शेत. माय आमच्या आधीच येऊन बसली होती. धुवट पांढरं लुगडं, जे ती पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ते. मी म्हटलं, "फोटो तुझा नाही काढायचा माय, पायरीचा काढायचाय." ती म्हणाली, "पायरीवर मीच हाय ना मंग?" दादानं तिच्यासाठी लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. हरभरा घाट्यात आला होता, कपाशी वेचून झाली होती, वारा बिलकुल नव्हता. एवढा चांगला दिवस मला मागूनही मिळाला नसता.

नाव उत्तरेच्या अंगाला. मी उत्साहाच्या भरात सरळ त्याच बाजूच्या काठावर गेले, पोटावर पडले, कॅमेरा खाली धरला आणि काच फिरवायला लागले. काहीच फरक नाही. पाण्यात माझं तोंड, माझ्यामागं आभाळ. कडं इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. तोंड तसंच, आभाळ तसंच. सरळ वरून खाली पाहिलं तर ही काच काही करत नाही, तिला तिरपी नजर लागते, हे मला शेततळ्यांचे फोटो काढून काढून पाठ झालेलं. पण घरच्या माणसांसमोर पाठ झालेलं ऐन वेळी कुठं जातं कोण जाणे.

"एवढा मोठा कॅमेरा घेऊन इहिरीत आपलंच तोंड पाहून राह्यली का?" दादा म्हणाला.

"तू गप्प बस रे."

"घरात आरसा हाय म्हणलं."

मी उठले, कपडे झटकले आणि वळसा घालून समोरच्या काठावर गेले, मोटारीच्या पेटीजवळ. आता सूर्य माझ्या पाठीशी होता आणि नजर तिरपी पडत होती, ना फार उभी ना फार आडवी. पायरीच्या जागी मला पाण्यात फक्त पलीकडची उन्हातली भिंत उलटी दिसत होती, त्यावर सुटलेले दगड, त्यावर लिंबाची फांदी. मी काच फिरवली. हळूहळू. भिंत पुसट झाली. आणखी फिरवली. फांदी गेली. आणि खालून, खरंच सांगते, एक हिरवट पायरी वर आली आणि तिच्यावर अक्षरं.

पहिलं अक्षर तळहाताएवढं मोठं. दुसरं त्याहून लहान. शेवटचं पायरीच्या कडेला अगदी चिकटून, कारण जागा संपत आली होती. वरची रेघ चढावर गेलेली. अक्षरांच्या खाचांत शेवाळ बसलेलं, त्यामुळं नाव हिरव्या शाईनं लिहिल्यासारखं दिसत होतं. मी त्या नावाची लेक, शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या फॉर्मापर्यंत ते हजारदा लिहिलेलं, पण लिहिणारीच्या हातचं असं पहिल्यांदाच नीट वाचत होते. मी फोटो काढत सुटले.

"आलं! माय, आलं!"

दादानं तिला हाताला धरून वळसा घालून आणलं, खुर्ची पण आणली. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा दिसत नव्हता, म्हणून मायनं डोक्यावरचा पदर ओढून कॅमेऱ्यावर घेतला. पदराखाली आम्ही दोघी, मध्ये तो लहानसा पडदा. तिच्या लुगड्याला साबणाचा आणि चुलीचा वास येत होता. मी म्हटलं, "हे बघ."

माय बघत राहिली. मला वाटलं, आता डोळे पुसेल. आता माझ्या गालावरून हात फिरवेल.

"पाणी कुठाय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी कुठाय याच्यात? ही तर आटेल इहीर हाय."

मी पडद्याकडं पाहिलं. आणि खरंच, पाणी नव्हतं. मी काच इतकी बेमालूम फिरवली होती की पाण्याचा एक कण दिसत नव्हता. पायरी कोरडी ठक्क दिसत होती, वर शेवाळ वाळलेलं असावं अशी. पुरुषभर पाणी त्यावर उभं होतं आणि फोटोत त्याचा मागमूस नाही.

"अगं पाणी आहे माय, काचेनं ते दिसेनासं केलंय. वरची चकाकी काढली ना, म्हणून..."

"काढली? काहून काढली? पाणी काढायला का बोलिवलं व्हतं तुला?" तिचा आवाज चढला. माझा राग कुठून आलाय ते कळलं ना आता? "हे असं तर म्या तवा बी पाह्यलं असतं. टँकरच्या रांगेतून येऊन. तवा न्हाई पाह्यलं, अन् आता तू मला तेच दावून राह्यली!"

"तुला नाव पाहिजे होतं ना? दिलं ना नाव? वाच की!"

"मला नको कोरडं नाव," असं म्हणून तिनं पदर ओढून घेतला. उन्हात पडदा एकदम पांढरा झाला.

मला फार लागलं. आणि लागलं की मी चिडते, रडत नाही. एवढ्या लांबून यायचं, पोटावर पडायचं, अशक्य ते करून दाखवायचं, आणि वर हे ऐकायचं! घी देखा लेकिन बडगा नहीं देखा. मी कॅमेरा दादाच्या हातात कोंबला आणि तरातरा हरभऱ्यात निघून गेले. तिथं उभी राहून घाटे सोलून खायला लागले. रागात माणसाला भूक लागते, निदान मला लागते. ओले हरभरे, जरा आंबूस, बोटं खारट झालेली. मागून दादाचा आवाज येत होता, तो मायला समजावत होता, "आवं, तिनं मुद्दाम न्हाई काढलं पाणी..."

खाता खाता राग उतरायला लागला. मला मायचं म्हणणं कळत होतं, खरं तर लगेच कळलं होतं. ती चांगल्या दिवसातलं नाव मागत होती. मी तिला वाईट दिवसातलं दिलं होतं, आणि वर कौतुकाची वाट बघत होते. आणि तिथं घाटा सोलता सोलता मला साहेबांचा चष्मा आठवला. बाई, हे वांगं तोडून किती दिवस झाले?

मी जागच्या जागी कपाळावर हात मारून घेतला. वांग्याची चमक सगळी काढली तर वांगं शिळं. पाण्याची चमक सगळी काढली तर पाणीच नाही. तेच, अगदी तेच. आणि मी दोन वेळा तेच केलं, कारण काचेनं काय काय नाहीसं करता येतं हे दाखवायची मला कोण हौस!

परत आले. माय खुर्चीवर पाण्याकडं बघत बसली होती. दादानं कॅमेरा असा धरला होता जणू दुसऱ्याचं लेकरू आहे. मी तो घेतला, खुर्चीच्या बाजूला गुडघ्यावर बसले, पुन्हा पायरीवर रोखला आणि म्हटलं, "पदर घे."

ती हलली नाही.

"घे ना माय. या बारीनं तूच फिरव."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पदर कॅमेऱ्यावर घेतला. मी तिचं बोट धरून काचेच्या कड्यावर ठेवलं. टोपल्या उचलून, कापूस वेचून जाड झालेलं बोट, पण कडं तिनं असं अलगद फिरवलं की मला माझ्या हाताची लाज वाटली. नाव गेलं, भिंत आली. भिंत गेली, नाव आलं. "अगं बया," ती म्हणाली. पुन्हा फिरवलं. पाणी आलं, नाव गेलं. तिला मजा यायला लागली. लहान पोरीसारखी ती कडं इकडं तिकडं करत होती.

"आता हळू," मी म्हटलं. "नाव आणि पाणी दोन्ही दिसंल तिथं थांब."

तिनं हळू फिरवलं. लिंबाची फांदी पाण्यात आली, जरा पुसट. तिच्या खाली पायरी. फांदीच्या सावलीसारख्या पानांतून हिरवी अक्षरं. एक वाळलेलं पान पाण्यावर तरंगत मध्ये आलं, आणि त्या पानामुळं तर खाली किती पाणी आहे ते चटकन कळायला लागलं.

"मागं जरा," ती स्वतःशीच बोलत होती. "न्हाई, लई झालं. हां. हां, इथं. थांब, हलू नको."

"तूच धरलंय माय, मी नाही हलत."

"इथं," ती म्हणाली. "हे बघ. पाणी बी हाय अन् मी बी हाय."

मी बटण दाबलं. आणि मग मात्र मला रडू आलं. पदराखाली होते म्हणून दादाला दिसलं नाही. मायला दिसलं. तिनं पदराच्या टोकानं आधी माझं नाक पुसलं, मग कॅमेऱ्याचा पडदा पुसला, त्याच टोकानं. एरवी कॅमेऱ्याला कोणी बोट लावलं तरी मी खेकसते.

दादालाही पदराखाली घेतलं. त्यानं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "बापानं पाह्यलं असतं तर काय म्हणला असता?"

"खोदली म्या, अन् नाव हिचं," माय म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. हसू ओसरल्यावर तिनं पलीकडच्या ढासळलेल्या पायऱ्यांकडं बघून दादाला सांगितलं, "फोड आता खुशाल."

वैशाखात पाणी उपसलं, काम झालं. उपसलेली विहीर बघायला माय गेली नाही, मीही आग्रह केला नाही. नव्या शेवटच्या पायरीचं सिमेंट ओलं असताना दादा घरी येऊन तिला बोलावून गेला. ती म्हणाली, "एकदा लिव्हलं, बास." तर दादाला दुसरीच काळजी. "मंग पाणी मोजायचं कशावर?" शेवटी त्यानं खिळ्यानं एक आडवी रेघ ओढली. त्या रेघेला कोणी विचारत नाही. आजही मी फोन केला की विचारते, नावावर किती हाय? आणि दादा सांगतो.

फोटो मी मोठा छापून पाठवला आणि दादाला दहादा बजावलं, फ्रेमला काच लावू नको. साधा ठेव. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझी मायच हट्टी, मग भाऊ कसा ऐकेल! परतूरला जाऊन त्यानं चांगली जाड, चकचकीत काच घालून आणली, का तर धूळ बसू नये. आणि टांगला कुठं? दाराच्या बरोबर समोर. आता दारातलं सगळं ऊन त्या काचेवर येतं. जी चकाकी काढायला मी गुडघे फोडून घेतले, ती माझ्या भावानं पुन्हा फोटोवर नेऊन बसवली. पुढच्या बारीला गेले तेव्हा मी डोक्याला हात लावला. काढते म्हणाले ती काच. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. चमकतं ते बरं दिसतं. पाण्यावानी." मला वांगं आठवलं, काच राहू दिली.

त्यामुळं आमच्या घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोसमोर मान वाकडी करून उभा राहतो. मी होते त्या दिवशी शेजारची सून विरजण मागायला आली. तिनंही मान एकीकडं केली, मग दुसरीकडं, आणि एकेक अक्षर जुळवून नाव वाचलं. "मावशी, हे तर तुमचं नाव हाय!"

माय सुपात डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाव ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आधी पाणी बघ. किती हाय?"

ती बिचारी पुन्हा वळली आणि मान वाकडी करून, डोळे बारीक करून बघत राहिली. "पुरुषभर असंल," ती म्हणाली.

"हां," माय म्हणाली. "आता वाच."